जुन्या मॉड्यूलचा वापर बदलताय? आतलं काम नंतर, आधी सांगाडा मोजून घ्या

साइट ऑफिसची चार जुनी मॉड्यूल्स (अख्ख्या उचलून नेता येणाऱ्या तयार खोल्या) घेतलीत, जोडून दोन वर्गखोल्या आणि एक छोटं वाचनालय करताय, जमिनीवर विनाइल आणि वर फॉल्स सीलिंग लागून झालंय, आणि आता परवानगीच्या कार्यालयानं ‘मूळ उत्पादकाची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज सादर करा’ म्हणून फाइल थांबवलीय. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण आमची फाइलही एका कार्यालयात नेमक्या याच शेऱ्यावर अडकली होती. कार्यालयाचं नाव घेत नाही. दर वेळी ‘त्रुटीपूर्तता करावी’ एवढंच. ड्रॉइंग्ज नसतील तर काय दिलेलं चालेल, हे कुणी सांगत नाही. जुन्या मॉड्यूलची मूळ ड्रॉइंग्ज बहुधा मिळतच नाहीत. कंपनी बंद पडलेली असते, मधे मालक बदललेले असतात. हे त्या टेबलालाही माहीत असतं, म्हणून जास्त चीड येते.

तोंडी विचारत बसू नका. लेखी विचारा: ‘मूळ ड्रॉइंग्ज उपलब्ध नसल्यास परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा प्रत्यक्ष मोजणीचा अहवाल आणि त्यावरचं गणित ग्राह्य धरलं जाईल का? नसल्यास कोणत्या नियमानुसार?’ पोच घ्या. नियम जागेप्रमाणे बदलतात आणि तुमचं कार्यालय काय म्हणेल याची हमी मी देऊ शकत नाही, पण लेखी प्रश्नाला शेरा मारून परत पाठवणं अवघड जातं.

त्याच वेळी चारही मॉड्यूल्सवर नावाची पट्टी शोधा. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, वीज पॅनलच्या झाकणामागे, आखूड बाजूच्या भिंतीवर बाहेरून, नाहीतर चॅसिसच्या, म्हणजे तळाच्या लोखंडी सांगाड्याच्या, मुख्य बीमवर खाली. रंगाखाली गेली असेल तर ग्राइंडर लावू नका, कोरलेले आकडे जातील. कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. पट्टीवर वजन, वर्ष, कधीकधी जमिनीचा आणि छताचा डिझाइन भारही (बनवताना किती वजन धरलं तो आकडा) असतो. तो मिळाला तर निम्मं काम झालं.

कार्यालय कितीही आडमुठं असलं तरी त्यांच्या प्रश्नात दम आहे. ऑफिससाठी केलेली जमीन बहुतेक मानकांत २ ते ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरलेली असते (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). वर्गखोलीला साधारण ३. पुस्तकांच्या उंच, दाट रॅकांना ६ ते ७.५. म्हणजे वर्गखोल्या थोडक्या मजबुतीत बसतील, वाचनालय बसणार नाही. माझं स्पष्ट मत: उंच रॅक मॉड्यूलमध्ये नकोतच. कमरेएवढी कपाटं लांब भिंतींना लागून, मुख्य बीमच्या डोक्यावर ठेवा आणि खोलीचा मधला भाग बसायला मोकळा सोडा. तेही इंजिनिअरला दाखवून.

आता मोजणी. फिनिशिंगच्या आधी ही मोजणी अर्ध्या दिवसाची असते, नंतर डोकेदुखी होते. तरी विनाइल उचलू नका. मॉड्यूलची जमीन (फ्लोअर) खालून उघडा. मॉड्यूल जमिनीपासून दीड-दोन फूट वर असेल तर माणूस आडवा होऊन आत जातो. खालचा पत्रा जॉइस्टच्या (जमिनीचा बोर्ड पेलणाऱ्या छोट्या आडव्या बीमच्या) रेषेत कापा आणि तो तुकडा नंतर स्क्रूनं परत बसेल असा ठेवा. प्रत्येक मॉड्यूलला निदान सहा ठिकाणं हवीत: चार कोपरे, मधोमध एक, आणि जिथे टॉयलेट किंवा सिंक होतं ती जागा. तिथेच सडलेलं सापडतं. बोर्डला खालून टोच्या लावा, सहज आत गेला तर तो भाग बदलायचा. प्लायमधली आर्द्रता २० टक्क्यांच्या वर असेल तर वरून विनाइल लावणं म्हणजे ओल आत कोंडणं, त्यामुळे आधी वाळवा. वरच्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यातली एक सीलिंग टाइल काढली तरी पुरते.

लोखंडाची जाडी व्हर्नियरनं मोजली की हमखास फसगत होते. रंगाचे तीन-चार थर आणि गंजाचा फुगवटा धरून व्हर्नियर ३.४ मिमी दाखवतो, घासून बघितलं तर खाली २.६ उरलेलं असतं. मूळ चॅनल (इंग्रजी C आकाराचा लोखंडी बीम) ३ मिमीचं असेल तर गणितात हा फरक फार मोठा पडतो. अल्ट्रासोनिक थिकनेस गेज भाड्यानं घ्या, रंग वगळून फक्त धातू मोजणारा मोड असलेलाच. चॅनलची उंची, पाखाची (वरच्या-खालच्या आडव्या कडेची) रुंदी, जाडी, जॉइस्टमधलं अंतर आणि वेल्डची लांबी, हे सगळं मोजपट्टी शेजारी धरून फोटोसकट नोंदवा.

जॉइस्टमधलं अंतर विशेष बघा. २.४ मीटर गाळ्याचे (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) जॉइस्ट ६०० मिमीवर असतील तर २.५ किलोन्यूटनला प्रत्येकावर १.०८ किलोन्यूटन-मीटर वाक (बीम वाकवणारा जोर) येतो, ५ किलोन्यूटनला दुप्पट. मधे एकेक जॉइस्ट घालून अंतर ३०० केलं की वाक पूर्वीच्या पातळीवर येतो. हे कामही खालूनच करता येतं. मुख्य बीम कमी पडत असेल तर बदलायच्या मागे लागू नका. दोन टेकूंच्या बरोबर मधे आणखी एक टेकू दिला की गाळा निम्मा होतो आणि वाक चौथाईवर येतो. अट एकच: नवीन टेकू घट्ट जमिनीवर, काँक्रीट पॅडवर आणि स्टीलच्या पट्ट्यांनी ठासून बसवलेला हवा. लाकडी पॅकिंग सुकून आकसतं, मग टेकू नुसता दिसायला उरतो.

मधल्या भिंती काढून मोठी खोली केली असेल तर छताचा लांब बीम बघा, कारण लोक जमिनीपाशीच थांबतात. चार कोपऱ्यांच्या खांबांवर उभ्या मॉड्यूलमध्ये भिंतीचं पॅनल सहसा भार घेत नाही, पण काही जुन्या मॉडेलात भिंतीच्या मधे एक बारीक खांब असतो किंवा पॅनलच आडव्या वाऱ्याला आवर घालत असतं. ‘मधे अडतो’ म्हणून तो खांब कापला असेल तर आजच तिथे तात्पुरती प्रॉप (उभा टेकू) लावा, बाकी चर्चा नंतर.

गणितानं समाधान होत नसेल तर भारचाचणी. २.५ किलोन्यूटन म्हणजे चौरस मीटरला साधारण २५५ किलो, म्हणजे पंचवीस किलोच्या दहा गोण्या किंवा सुमारे २५ सेंटीमीटर पाणी. भार टप्प्याटप्प्यानं चढवायचा, खालून डायल गेज (मिलिमीटरच्या अंशात हालचाल दाखवणारं मोजमाप) लावून झोळ, म्हणजे जमीन किती खाली वाकते ते, मोजायचा, आणि खाली सुरक्षेसाठी २५ मिमी फट ठेवून टेकू उभे करायचेच. झोळाची रूढ मर्यादा गाळ्याच्या ३६० व्या भागाची, म्हणजे २.४ मीटरला ६.७ मिमी. भार उतरवल्यावर जमीन पूर्ववत येते का, हेही नोंदवा. पण हे इंजिनिअरच्या लेखी योजनेशिवाय करू नका. माझ्या पोस्टवर विसंबून तर अजिबात नको, मी तुमची मॉड्यूल्स बघितलेली नाहीत.

विनाइल-सीलिंग लावून देणाऱ्यानं सांगाड्याचं न विचारताच काम उरकलं, याचा राग येणं साहजिक आहे. फिनिशिंगवाल्याला कागदाशी देणंघेणं नसतं, आणि कागद मागणारं कार्यालय काम बंदिस्त झाल्यावरच उगवतं.

पोस्टमध्ये तुम्ही सांध्यातल्या गळतीबद्दलही विचारलंय, म्हणून हेही सांगतो. दोन मॉड्यूल्सच्या सांध्यावरचं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन भरवशानं चिकटत नाही, रंगही धरत नाही. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), त्यावर पत्र्याची टोपी, आणि टोपी एकाच बाजूला स्क्रूनं पक्की करा. दोन्ही बाजूंना ठोकली तर ऊन-थंडीत मॉड्यूल्स हलतात तशी स्क्रूची भोकं फाटतात. स्क्रूंचे रबरी वॉशर कडक झाले असतील तर सगळे बदला.

रॅम्पची जागा आत्ताच आखून ठेवा. उंबरठा जमिनीपासून ७५० मिमी असेल तर १:१२ उतारानं ९ मीटर लांबी लागते, शिवाय मधला सपाट टप्पा आणि वळण. बहुतेकांना हे शेवटी आठवतं आणि तोवर तिथे पार्किंग झालेलं असतं.

वर्गात माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा धरा. ऑफिसला पाच-सहा जण बसत होते, आता तीस मुलं बसतील. नवीन पार्टिकल बोर्डचं फर्निचर बंद मॉड्यूलमध्ये भरलं की फॉर्माल्डिहाइड साठतं. कतरिना वादळानंतर अमेरिकेत लोकांना दिलेल्या ट्रेलर-घरांत हाच प्रकार पुढे आला होता. फर्निचर आठवडाभर आधी बाहेर उघड्यावर ठेवा, आणि घेतानाच कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागा.

चारही चॅसिस एकमेकांना आणि अर्थिंगला जाड तारेनं जोडलेत का, तेही बघून घ्या. जुन्या वायरिंगची मेगर चाचणी (तारेवरचं आवरण शाबूत आहे का याची तपासणी) ५०० व्होल्टवर, आणि प्लगच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

खालून काढलेले फोटो मोजपट्टीसकट इथे टाका, आणि चॅनलची उंची लिहा. जॉइस्ट मधे घालावे लागतील की नुसत्या टेकूंवर भागेल, याचा अंदाज त्यावरून सांगता येईल. सही मात्र तुमच्या इंजिनिअरचीच.