गरिबांच्या योजनांवर नेत्यांची मतं एवढी उलटसुलट का असतात?

तुम्ही विचारलंय की एकच योजना एका नेत्याला गरिबांचा आधार वाटते आणि दुसऱ्याला तिजोरीची लूट, हे कसं काय, आणि आपण कोणाचं खरं मानायचं. मी बरीच वर्षं आसपासच्या लोकांचे रेशनकार्डाचे, निराधारचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देत आलोय, त्यामुळे या विषयावरची भाषणं ऐकताना नेता गरिबांबद्दल किती कळवळून बोलतोय याकडे माझं फारसं लक्ष नसतं. मी एवढंच बघतो की त्याला कुठली चूक जास्त टोचते.

म्हणजे बघा, कुठल्याही योजनेची यादी करताना दोन चुका होणारच. ज्याला गरज नाही त्याचं नाव यादीत घुसणार, आणि ज्याला खरी गरज आहे असा कोणीतरी बाहेर राहणार. कागद वाढवले, अटी कडक केल्या की पहिली चूक कमी होते पण दुसरी वाढते, आणि अटी सैल केल्या की त्याच्या उलट. आता जो नेता सतत 'बोगस लाभार्थी' म्हणतो त्याला पहिल्या चुकीचा राग आहे, आणि जो 'वंचित राहिले' म्हणतो त्याला दुसरीचा. दोघंही खोटं बोलत नसतात. पण पहिल्या चुकीत सरकारचे काही पैसे जातात आणि दुसऱ्या चुकीत कोणाच्या तरी घरात चूल पेटत नाही, त्यामुळे या दोन चुका सारख्याच वजनाच्या आहेत असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे माझं मत आहे हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशेब लावता येईल.

भांडण तर 'गरीब कोण' इथूनच सुरू होतं. २०११-१२ या एकाच वर्षाची आकडेवारी घ्या. गरिबी मोजायला सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने रेषा काढली तर खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये खर्च करणारा माणूस गरिबीच्या वर आला, म्हणजे खेड्यात दिवसाला २७ रुपये आणि शहरात ३३, आणि देशातले २१.९ टक्के लोक गरीब ठरले. पुढे २०१४ मध्ये रंगराजन समितीने रेषा थोडी वर सरकवली, खेड्यात ९७२ आणि शहरात १४०७, तर तोच देश, तेच वर्ष, आणि गरीब झाले २९.५ टक्के. दोन्हीतला फरक जवळपास ९ कोटी माणसांचा आहे. या ९ कोटींच्या आयुष्यात काहीच बदललं नव्हतं, फक्त दिल्लीत रेषा सरकली. त्यामुळे 'आम्ही इतके लोक गरिबीतून बाहेर काढले' किंवा 'यांच्या काळात इतके गरीब वाढले' असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या रेषेने?

रेशनमध्येही हेच झालं. १९९७ पर्यंत रेशन तत्त्वतः सगळ्यांसाठी होतं, त्या वर्षी केंद्राने दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे अशी विभागणी केली, हेतू असा की पैसा खऱ्या गरिबांवर जावा. तामिळनाडूने हे मान्य केलं नाही, त्यांनी रेशन सगळ्यांना खुलं ठेवलं, आणि तिथे द्रमुक आला काय अण्णाद्रमुक आला काय, कोणीच ते बंद केलं नाही. यादीच नसेल तर यादीत चूक कशी होणार, हा त्यामागचा विचार. त्याला पैसा जास्त लागतो हे खरंच आहे. पण जी वस्तू मध्यमवर्गही वापरतो ती बिघडली की आरडाओरडा होतो आणि ती सुधारते, फक्त गरिबांची असली की तक्रार ऐकायला कोणी नसतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, कारण ते आपल्याच राज्यातलं आहे आणि तरी आपण विसरलोय. रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग केला होता, मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्यात लाखो लोक खडी फोडायला, तलाव खोदायला, रस्त्याच्या कामाला गेले. त्या काळात वाटलेलं पौष्टिक खाणं, सुकडी, अजून म्हातारी माणसं आठवतात. दुष्काळ संपला पण योजना संपली नाही, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायदा झाला तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि लागू झाला तेव्हा शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार होतं, मधल्या काळात एवढी मोठी उलथापालथ झाली तरी हा कायदा कोणी अडवला नाही.

असं का झालं असेल? मला वाटतं कारण दोन्ही प्रकारच्या नेत्यांचं समाधान त्यात होतं. फुकट काही देऊ नये म्हणणाऱ्याला दिसत होतं की माणूस घाम गाळून पैसे घेतोय, आणि गरिबाला हक्क हवा म्हणणाऱ्याला दिसत होतं की काम मागितलं तर सरकारला द्यावंच लागतंय, नाहीतर बेकारी भत्ता द्यावा लागतोय. आणि यादीचा प्रश्नच नव्हता, कारण ज्याच्या घरात खायला आहे तो मे महिन्याच्या उन्हात दगड फोडायला येत नाही. उत्पन्नाचा दाखला नको, सरपंचाची शिफारस नको. हां, खोटी मस्टरं, म्हणजे हजेरीपटं, भरली गेली, ठेकेदार घुसले, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना त्याचा उपयोग नव्हता, हे सगळं खरं आहे. पण पैसा कुठून आला बघा. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला आणि त्यातून हा खर्च उभा केला, आणि जेवढा पैसा असा जमेल तेवढाच राज्य सरकारने स्वतःचा घालायचा असं ठरलं. आजही तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, 'पीटी' म्हणून, तो हाच कर. कोणाला देणार हे सांगताना कोणाकडून घेणार हेही त्या पिढीने तोंडावर सांगितलं, आणि आज मला एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात हे दुसरं वाक्य सापडत नाही.

पुढे २००५ मध्ये देशपातळीवर मनरेगाचा कायदा झाला, घराला वर्षात १०० दिवस काम, मागितल्यापासून १५ दिवसांत. त्यावर नेत्यांची मतं कशी फिरली बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी लोकसभेत म्हणाले की ही योजना म्हणजे काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक आहे आणि म्हणूनच मी ती चालू ठेवणार. आणि मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मजूर गावी परतले तेव्हा त्याच सरकारने त्याच योजनेला ४०,००० कोटी जादा दिले, आणि बरं झालं दिले, त्या वर्षी कित्येक घरं त्यावर तगली. मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा आणला, त्यात दिवस १०० चे १२५ केले, पण बहुतेक राज्यांना आता ४० टक्के खर्च स्वतः करायचाय, आणि कुठल्या राज्याला किती पैसे हे केंद्र आधी ठरवणार. सरकार म्हणतं दिवस वाढवले, विरोधक म्हणतात हमीच काढून घेतली. मला यात विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं, कारण मागेल तेवढं काम आणि ठरलेल्या रकमेत बसेल तेवढं काम यात मजुराच्या दृष्टीने फार फरक पडतो, कागदावर १२५ लिहिलं तरी.

थेट पैशांच्या योजनांवर तर मतं आणखी पटापट बदलतात. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधान मोदींनी मतांसाठीच्या फुकट वाटपाला 'रेवडी' हा शब्द वापरला, रेवडी वाटणं देशाच्या विकासाला घातक आहे असं ते म्हणाले. वर्षभराच्या आतच मध्य प्रदेशात भाजपच्याच शिवराजसिंह चौहानांनी महिलांसाठी लाडली बहना आणली, महिना १००० रुपये. कर्नाटकात काँग्रेसने गृहलक्ष्मीचे २००० दिले, पश्चिम बंगालमध्ये तृणमूलची लक्ष्मीर भांडार त्याआधीपासून होती. आपल्याकडे जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी लाडकी बहीण जाहीर केली, १५०० रुपये, तेव्हा विरोधकांनी तिजोरीची काळजी केली आणि निवडणूक आल्यावर त्यांनीच ३००० चं आश्वासन दिलं, मग महायुतीने २१०० म्हटलं. म्हणजे या मुद्द्यावर पक्षापक्षांत मतभेद आहेत असं मानणंच मला चुकीचं वाटतं. मतभेद असतो तो सत्तेत बसलेला आणि बाहेर बसलेला यांच्यात.

आणि तरीही मी लाडकी बहीणच्या विरोधात नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात कधी स्वतःचे म्हणून पैसे आले नाहीत तिला १५०० रुपये किती वाटतात हे ज्यांनी बघितलं नाही त्यांनी त्याला लाच म्हणू नये, मी अशा बायकांना पासबुक भरून आणल्यावर तो आकडा पुन्हा पुन्हा वाचताना बघितलंय. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. निवडणुकीच्या आधी अर्ज भराभर मंजूर झाले, उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, घरात चारचाकी आहे का, हे तपासायला कोणी थांबलं नाही, आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली, २०२५ च्या मध्यात मंत्र्यांनीच सांगितलं की सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र आढळलेत. मी वर दोन चुका सांगितल्या ना, तर मतदानाच्या आधी पहिली चूक चालते आणि मतदानानंतर दुसरी चालते, असं हे झालं. त्या २६ लाखांत खोटे लोक होतेच, पुरुषांनी नावं घातली होती, तेही बाहेर आलं. पण चाळणी फिरली की एखाद्या कागदात नाव चुकलंय म्हणून खरी गरजू बाईही गळते, आणि तिने कुठे जायचं? योजना शासन निर्णयावर चालते, कायद्यावर नाही, त्यामुळे 'माझा हक्क आहे' म्हणून भांडायला तिच्याकडे काही नाही. अन्नसुरक्षेचा २०१३ चा कायदा आहे म्हणून ५ किलो धान्य मागता तरी येतं.

कायदा असला तरी सगळं सुरळीत होतं असं नाही म्हणा. एका म्हाताऱ्या बांधकाम मजुराबरोबर मी रेशन दुकानात गेलो होतो, सिमेंट कालवून कालवून हाताच्या रेषा झिजल्या होत्या त्यामुळे मशीनवर अंगठाच उमटेना, दुकानदार म्हणाला उद्या या, उद्या परत तेच. शेवटी वरपर्यंत जाऊन अर्ज दिला तेव्हा दुसऱ्या मार्गाने धान्य मिळालं. अर्ज देता आला कारण कायद्यात त्याचं धान्य लिहिलेलं होतं.

पैसे द्यावेत की धान्य, यावर पण नेते जोरात भांडतात, पैसे दारूत जातील वगैरे. त्या वादाबद्दल मी एवढंच म्हणेन की ५ किलो धान्य पाच वर्षांनीही ५ किलोच राहतं आणि १५०० रुपये पाच वर्षांनी १५०० चे राहत नाहीत, त्यामुळे रोख रक्कम जाहीर करणाऱ्याने ती महागाईप्रमाणे कशी वाढणार हे त्याच वेळी सांगायला हवं.

आणि तिजोरीचा मुद्दा. तो खरा आहे, कर्ज काढून वाटप केलं तर ते आपल्याच मुलांना फेडायचंय. पण सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल जाईल असं सरकारनेच सांगितलं होतं, त्याला प्रोत्साहन म्हटलं गेलं. ते बरोबर असेलही, गुंतवणुकीसाठी लागत असेल. मग मुलीच्या सायकलीलाही तोच न्याय लावा. बिहारमध्ये २००६ पासून नितीशकुमारांनी नववीतल्या मुलींना सायकलच्या पैशांची योजना चालवली, तेव्हा ती मतांसाठीच आहे असं म्हणणारे होते, आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या जवळपास ३० टक्क्यांनी वाढली. मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ मध्ये तामिळनाडूत शाळेतलं जेवण वाढवलं तेव्हाही पैशांची नासाडी म्हणून टीका झाली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. त्यामुळे रेवडी की गुंतवणूक हे ज्या दिवशी योजना जाहीर होते त्या दिवशी ठरत नाही.

तर कोणाचं खरं मानायचं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. पक्ष बघू नका. तो नेता सत्तेत नसताना काय म्हणाला आणि सत्तेत आल्यावर कायदा केला की नुसता शासन निर्णय काढला ते बघा, नाव कापलं गेलं तर दाद कुठे मागायची हे त्यात लिहिलंय का बघा, आणि पैसा कुठल्या करातून येणार हे सांगतो का बघा. आणि ज्यांच्या मतांचा मोठा गठ्ठा नाही त्यांच्यासाठी त्याने काय केलं ते तर नक्की विचारा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या माणसाला महिना २०० रुपये आहे. तो आकडा मनमोहन सिंगांच्या काळात ठरला, त्यानंतर त्यांची उरलेली वर्षं गेली, मोदींचीही दहा वर्षं उलटून गेली, राज्यं आपापली भर घालतात पण केंद्राचे २०० काही हललेले नाहीत. पुढच्या वेळी तुमच्या दारात मत मागायला कोणीही आला, कुठल्याही पक्षाचा असो, तर आधी त्याला हे २०० रुपये माहिती आहेत का ते विचारा.