जॅझच्या कॉर्ड्स पाठ करायच्या कशा? आधी दोन बोटांकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तीन वर्षं गिटार वाजवतोय. उघड्या तारांच्या आणि आडव्या बोटाच्या कॉर्ड्स जमतात, गाण्याला साथ करता येते. आता जॅझमधली नेहमीची प्रोग्रेशन्स, म्हणजे कॉर्ड्सचे ठरलेले क्रम, शिकायची आहेत, पण चार्ट (धुनीच्या कॉर्ड्स लिहिलेला कागद) उघडला की दर दोन मात्रांना नवी कॉर्ड. एवढे सगळे आकार पाठ करायचे का? सुरुवात कुठून करू?"

आकार पाठ करू नका. मी केले होते. वहीत दीडेकशे आकृत्या काढल्या होत्या, एकेका कॉर्डचे चार-पाच प्रकार, आणि डोळे मिटून वाजवता यायचे, पण सुटे सुटे. मग पहिल्यांदा पियानो आणि बेसबरोबर बसलो. आठ बारांत मागे पडलो (बार म्हणजे इथे चार मात्रांचं एक घर), आणि जिथे वेळेवर पोचत होतो तिथे सहाही तारा घासून असा कालवा करत होतो की पियानोवाल्याने थांबून विचारलं, "यातले तीन सूर कमी करशील का?" तेव्हा राग आला होता. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात आहे.

जॅझमध्ये कॉर्ड एकटी क्वचितच येते, ती कुठून तरी कुठे तरी निघालेली असते. सगळ्यांत जास्त भेटणारा प्रवास म्हणजे दोन-पाच-एक. सी मेजरमध्ये दुसऱ्या सुरावरची डी मायनर सेव्हन, पाचव्यावरची जी सेव्हन आणि मुक्कामाला सी मेजर सेव्हन. ज्या चार्टला तुम्ही घाबरता, त्यातल्या अर्ध्याअधिक कॉर्ड्स याच तिघींच्या वेगवेगळ्या पट्टीतल्या बहिणी निघतात.

आता प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुराला त्या कॉर्डपुरता सा म्हणा. डी मायनर सेव्हनमध्ये गंधार आणि निषाद दोन्ही कोमल. जी सेव्हनमध्ये गंधार शुद्ध, निषाद कोमल. सी मेजर सेव्हनमध्ये दोन्ही शुद्ध. कॉर्डची जात या दोन सुरांवरच ठरते. पंचम तिन्हींत सारखाच, त्यामुळे तो नवीन काही सांगत नाही. सध्या त्याला रजा द्या. मूळ सूर, गंधार, निषाद एवढे तीनच सूर उरले. याला शेल व्हॉइसिंग म्हणतात.

गिटार हातात घ्या. तर्जनी कायम चौथ्या तारेवर, अनामिका कायम तिसऱ्या तारेवर, मूळ सूर मधल्या बोटाकडे. पहिल्या, दुसऱ्या आणि मधे सुटलेल्या तारेला आवाज करू द्यायचा नाही.

डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा.
जी सेव्हन: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा.
सी मेजर सेव्हन: पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा.

हळूहळू वाजवा आणि मधल्या बोटाकडे लक्षच देऊ नका. फक्त बाकीची दोन बघा. पहिल्या बदलाला अनामिका एक फ्रेट उतरते, तर्जनी हलत नाही. दुसऱ्या बदलाला तर्जनी एक फ्रेट उतरते, अनामिका हलत नाही. संपलं. डी मायनर सेव्हनचा निषाद अर्धा सूर उतरला की जी सेव्हनचा गंधार होतो, आणि तिचा गंधार जागेवर बसल्या बसल्या जी सेव्हनचा निषाद होतो. पुढच्या बदलाला तोच निषाद अर्धा सूर उतरून सीचा गंधार होतो. हे कळलं त्या संध्याकाळी मी ती वही कपाटात टाकली. माझ्या मते शिकायचं ते हेच, कॉर्ड नव्हे तर तिची हालचाल. आणि ती गाऊनही बघा: एफ, एफ, ई अशी एक ओळ, सी, बी, बी अशी दुसरी. गळ्यातून निघायला लागली की बोटं चुकत नाहीत.

आणखी एक रूप लागेल, कारण मूळ सूर दर वेळी पाचव्या तारेवरच सुरू होईल असं नाही. एफ मेजरमधलं दोन-पाच-एक घ्या. जी मायनर सेव्हन: सहाव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर सगळीकडे तिसरा फ्रेट. सी सेव्हन: पाचवीवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. एफ मेजर सेव्हन: सहावीवर पहिला, चौथीवर दुसरा, तिसरीवर दुसरा. या वेळी आधी चौथ्या तारेवरचा सूर उतरतो, मग तिसऱ्या तारेवरचा. बोटं इथे वरच्यासारखी बसणार नाहीत, सोयीची घ्या. ही दोन रूपं आली की गिटारच्या सोयीमुळे बाराही पट्ट्या आल्याच. आकार तोच, फक्त सरकवायचा. तरी बारा पट्ट्या मनाने शोधा. चौथ्या सुराच्या चक्राने जा: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, असं फिरत परत सीला. पहिले दोन आठवडे कंटाळा येईल, येऊ द्या.

याच पायावर दोन गमती. पहिली करंगळीची. सीमधल्या त्या तिन्ही आकारांत करंगळी दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर ठेवा आणि उचलूच नका. सूर एकच, ई, पण मूळ सुरापासून वर मोजत गेलं तर डी मायनरवर तो नववा होतो, जी सेव्हनवर तेरावा, आणि सीवर घरचाच गंधार. नाइन, थर्टीन असली नावं वाचून छाती दडपते, ती निम्मी एका न हलणाऱ्या करंगळीत बसतात.

दुसरी गंमत ट्रायटोन सब्स्टिट्यूशन या भारदस्त नावाची. जी सेव्हन वाजवताना चौथी आणि तिसरी तार जशी आहे तशी धरून ठेवा, फक्त मूळ सूर सहाव्या तारेऐवजी पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्या. झाली डी फ्लॅट सेव्हन. एफ आणि बी हे दोन सूर दोन्ही कॉर्ड्सना समाईक आहेत, गंधार-निषादांनी फक्त जागा बदलल्या. म्हणून एक दुसरीच्या जागी चालते. आता खालचा सूर डी, डी फ्लॅट, सी असा पायऱ्या उतरल्यासारखा येतो.

बाकीची प्रोग्रेशन्स आता पटकन सांगतो, कारण ती नवीन नाहीत. टर्नअराउंड म्हणजे एक-सहा-दोन-पाच: सी मेजर सेव्हन, ए सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन. यातली ए सेव्हन डीकडे ढकलायला आणलेली, डीची पाचवी. बारा बारांच्या जॅझ ब्लूजमध्येही हाच मसाला. एफमध्ये वाजवत असाल तर चौथ्या बारमध्ये सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हन येतात, म्हणजे पाचव्या बारच्या बी फ्लॅटकडे जाणारं दोन-पाच. आठव्या बारमध्ये ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन, नवव्यातल्या जी मायनरकडे जाणारं दोन-पाच. चार्टवर पेन्सिलने अशा जोड्यांना कंस घालत जा. पंचवीस कॉर्ड्सचा चार्ट सात-आठ कंसांवर येतो.

जॉर्ज गर्श्विनच्या १९३०च्या 'आय गॉट रिदम' या गाण्याच्या कॉर्ड्सवर पुढे इतक्या नव्या धुनी बांधल्या गेल्या की त्या साच्यालाच 'रिदम चेंजेस' नाव पडलं. बत्तीस बार, नेहमीची पट्टी बी फ्लॅट. त्याचा मधला भाग लोकांना अवघड वाटतो आणि शेलवाल्यांना फुकटात मिळतो: डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार. डी सेव्हनला चौथ्या तारेवर चौथा फ्रेट आणि तिसरीवर पाचवा धरा. पुढच्या प्रत्येक कॉर्डला दोन्ही बोटं एकेक फ्रेट खाली. सलग तीनदा. मूळ सूर तेवढा पाचव्या आणि सहाव्या तारेवर आलटून पालटून.

शेल कुठे अपुरं पडतं तेही सांगायला हवं. मायनरमधल्या दोन-पाच-एकमध्ये दुसऱ्या सुरावर मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह येते. तिची ओळखच उतरलेल्या पंचमात आहे, आणि आपण तर पंचम रजेवर पाठवलाय. इथे त्याला परत बोलवावं लागतं. ए मूळ धरून: सहावी, चौथी, तिसरी तार पाचव्या फ्रेटवर, आणि दुसरी तार चौथ्या फ्रेटवर. जोसेफ कोस्माच्या 'ऑटम लीव्ह्ज'मध्ये आधी मेजरचं आणि लगेच त्याच्या जोडीच्या मायनरचं दोन-पाच-एक येतं, म्हणून पहिली धून ती घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

उजव्या हाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लोकांना कॉर्ड चुकलेली चालते, मात्रा चुकलेली चालत नाही. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवा. चाळीसवर लावला तर तुमची चाल ऐंशीची होते. सुरुवातीला सम सापडणारच नाही. प्रत्येक मात्रेला एक छोटा आघात, आणि लगेच डाव्या हाताचा दाब सैल करून सूर तोडायचा. गिटारवादक फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७पासून १९८७मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः हेच करत होता, सोलो जवळजवळ नाहीच. त्याची साथ एकदा फक्त तिच्यासाठी ऐका.

आणि बरोबर बेस वाजवणारा असेल तर मधलं बोटही उचला. मूळ सूर त्याचं काम आहे, तुम्ही चौथी आणि तिसरी तार सांभाळा. पियानोवाल्याने मला तीन सूर कमी करायला सांगितले होते, मी हल्ली चार करतो.