जबाबदारी सोपवताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आई-बाबांच्या पश्चात पंधरा वर्षांच्या भावाला वाढवताना आपण कुठे कमी पडतो, असे तू विचारले आहेस. मला तर उलटेच दिसते. त्याला उठवणे, डबा भरणे, क्लासची चौकशी करणे, हरवलेल्या वह्या शोधणे, एवढे सगळे उरकून तू धावत लोकल गाठतेस, रात्री थकून त्याच्यावर ओरडतेस आणि मग स्वतःलाच दोष देतेस. यातली निम्मी कामे त्याची आहेत.

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना दादरहून एकटाच कांजूरमार्गला घरी येत होता. घाईत तो जलद गाडीत चढला आणि ती कांजूरमार्गला न थांबल्याने ठाण्याला पोचला. तेव्हा मोबाइल नव्हते. त्याने फलाटावर चौकशी केली, परतीची धिमी गाडी पकडली आणि दीड तास उशिरा तो घरी आला. अडचणीतून त्याने स्वतः वाट काढली होती, पण मला दिसला तो फक्त उशीर, आणि पुढे वर्षभर मी त्याला एकट्याने लोकलने जाऊ दिले नाही. कॉलेजात गेल्यावरही साधा फॉर्म भरताना तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला, तेव्हा मी काय करून बसले ते मला उमगले.

म्हणून काम सोपवशील तेव्हा ते पुरते सोपव आणि पहिल्या चुकीला परत घेऊ नकोस. पैशांचेच घे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालवता येते. व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. लोकलचा पास आधी काढून दे आणि रिक्षा, वह्या, खाणे यांचे महिन्याचे पैसे एकदम त्याच्या खात्यात भर. वीस तारखेलाच संपले, तर उरलेले दहा दिवस वडापावाविना जाऊ देत.

झोपेबाबत मात्र थोडी समजूत दाखव. या वयात झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहाला झोप न येणे हा नेहमी आळस नसतो, आणि त्याला रोज ८ ते १० तास झोप लागते. दोघांचेही मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवा. गजर त्याने लावावा, आणि क्लास बुडाला तर सरांना कारणही त्यानेच सांगावे.

मित्राची स्कूटर चालवण्याचा हट्ट मात्र मुळीच मान्य करू नकोस. धोका तोलून मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, आणि चिकट झालेला भात निस्तरता येतो, तशी रस्त्यावरची चूक निस्तरता येत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. त्याला हे शांतपणे, कारणांसह सांग.

दहावीचे वर्ष आहे म्हणून हे सारे पुढे ढकलू नकोस. या रविवारी त्याला कुकर लावायला शिकव. पाणी किती, शिट्ट्या किती, हे एकदा दाखव आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बस. भात कसाही झाला, तरी दोघे मिळून तोच जेवा.

तुझी,
बाई