किडनीच्या कॅन्सरमध्ये अंगावर वजन असलेला पेशंट जास्त जगतो, हे खरं आहे का? सीटी स्कॅनवरून चरबी आणि स्नायू मोजून पुढचं काही सांगता येतं का?

हे 'अंगावर वजन' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमचे आबा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतले पैलवान. खासबागेत लढलेत. तालीम सुटली, खुराक राहिला आणि पोट सुटलं. ६८व्या वर्षी सोनोग्राफी केली भलत्याच कारणानं, त्यात किडनीवर गाठ दिसली. ती किडनी काढली. मी इचलकरंजीला दिलेली, त्यामुळं घरचा कारभार थोरल्या दादाकडं. एकच किडनी राहिली म्हणून त्यानं अंडी, मटण, दूध सगळं बंद केलं. रंकाळ्यावरची फेरीसुद्धा. रोज सकाळी आबांना काट्यावर उभं करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "८६ किलो! तसूभर हललं नाही."

मी गेले तेव्हा आबा जेवून पाटावरनं उठताना भिंत धरत होते. जोर-बैठका मारलेल्या मांड्या विजारीत लोंबत होत्या. दादाला म्हटलं, तर "तू डॉक्टर झालीस काय?"

सहा महिन्यांनी सीटी झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला, कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा. तिथल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मोजून त्याला उंचीच्या वर्गानं (उंची गुणिले उंची) भागतात, त्यावरून अख्ख्या शरीराचा अंदाज येतो. करडे दिसतात ते स्नायू, काळी ती चरबी. करडं आटलेलं, काळं वाढलेलं. वजन तेच! काट्याला मांडी काय आणि ढेरी काय, सगळं सारखंच.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर लठ्ठपणानं हा कॅन्सर व्हायची शक्यता वाढते. पण झाल्यावर वजनदार पेशंट सरासरीनं जास्त जगलेले दिसतात, हेही खरं. त्यात एक मेख आहे. आजार पुढं गेलेला माणूस आधीच वाळलेला असतो, म्हणून बाकीचे आपोआप बरे दिसतात. स्नायू कमी असलेल्यांचं आयुष्य सरासरीनं कमी, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. चरबीबद्दल, पोटातली असो की कातडीखालची, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून चरबीच्या भरवशावर राहू नका. पेशंटला चालवा, उठवा, बसवा.

आणि हो, हे आकडे गटाचे असतात, एका माणसाचं भविष्य त्यातनं निघत नाही. गाठीची स्टेज (किती पसरली) आणि ग्रेड (पेशी किती आक्रमक) आधी बघतात. प्रथिनं किती द्यायची ते क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून डॉक्टरच ठरवणार. आमच्या आबांना अंडी परत सुरू करा म्हणाले, तुमच्याकडं वेगळं सांगतील.

आबा आता भिंत न धरता उठतात, रंकाळ्याला अर्धी फेरी मारतात. वजन ८३. दादा, वाचत असशील तर तो काटा माळ्यावर टाक.