डिझेल गाडीचं ॲव्हरेज घटलं, पण दिवा लागत नाही

प्रश्न : माझी डिझेल गाडी लिटरला १८ किलोमीटर द्यायची, आता जेमतेम १४ देते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दिवा फसवतो. सेन्सरचं रीडिंग चुकीचं असूनही शक्य कोटीतलं असेल, तर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ते खरंच मानतो. टायरची हवा आणि चिकटणारे ब्रेक तपासून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावा.

पहिल्यांदा कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान. हायवेवर वीस मिनिटं चालवूनही ते ६५-७० अंशांवरच रेंगाळत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) उघडा अडकलाय. थंड इंजिनाला डिझेल जास्त लागतं, शिवाय डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. १०-१५ अंशांचा फरक असेल, तर दोहोंपैकी एक सेन्सर बिघडलाय.

मग इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बघा : पुण्यात सुमारे ९५ किलोपास्कल, मुंबईत १०० च्या आसपास. आकडा जुळत नसेल तर टोकावरची काजळी काढा. एमएएफ (आत जाणारी हवा किती हे मोजणारा सेन्सर) फक्त त्याच्या स्प्रेनेच धुवा, आतल्या तारेला बोट लावू नका.