नोकरी सांभाळून घरच्या घरी जुनी जीप पुन्हा उभी करता येते का?

शनिवार-रविवार हाताशी असतील तर नक्की येते. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप ऐरोलीत इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अशीच उभी राहिली. पण घेण्याआधी आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, चॅसी (गाडीचा सांगाडा) नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. नंबर खोडलेला दिसला तर ती गाडी सोडा, कितीही आवडली तरी.

मग गंज. खाडीची खारी हवा आणि आपला पावसाळा पत्रा आतून खातो. मॅट उचला, फ्लोअरवर आणि चॅसीवर हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भद्द वाजलं की रंगाखाली नुसते पापुद्रे. तिथे पुट्टी अजिबात भरू नका. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. जाम बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. खोलताना फोटो काढा, नटबोल्ट चिठ्ठी घालून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. महिन्याभराने काहीही आठवत नाही.

इंजिनाआधी ब्रेक करा. ब्रेकच्या रबरी नळ्या (होज) आणि व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे, रबरी किट नवेच घाला. रंग सगळ्यात शेवटी, तोही पावसाळा सरल्यावर.