पीएचडीसाठी नॉनलोकॅलिटी हा विषय घ्यावा का, की हे नुसतं तत्त्वज्ञान आहे?

नुसतं तत्त्वज्ञान अजिबात नाही. नॉनलोकॅलिटी म्हणजे दूरच्या दोन कणांच्या मोजणीत दिसणारं असं नातं, जे आधीच ठरलेल्या उत्तरांनी आणि जवळच्या कारणांनी समजावता येत नाही. मी याच विषयात पीएचडी केली, सध्या पोस्टडॉक आहे. आमच्या वयाची मंडळी जमली की यावर तासन्‌तास वाद रंगतात. पण वादात उतरण्याआधी एक छोटं गणित स्वतःच्या हाताने करून बघा.

एकत्र तयार होऊन एकमेकांपासून दूर गेलेले दोन कण घ्या. पहिल्यावर अ१ किंवा अ२ ही मोजणी करायची, दुसऱ्यावर ब१ किंवा ब२. उत्तर नेहमी +१ किंवा −१. समजा, चारही उत्तरं आधीच ठरलेली आहेत आणि इकडे काय मोजलं याचा तिकडे परिणाम होत नाही. आता अ१(ब१+ब२) + अ२(ब१−ब२) ही राशी बघा. एक कंस शून्य होतो, दुसरा +२ किंवा −२. म्हणजे सरासरी २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटम मेकॅनिक्सप्रमाणे मात्र ती २.८३ पर्यंत जाते!

या गणितामागचं मूळ प्रमेय भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचं, १९६४ चं. वर दिलेलं रूप १९६९ चं. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी प्रयोग केला, आणि निकाल क्वांटमच्या बाजूने लागला. फ्रीडमन तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर प्रयोग झाला, त्यात महत्त्वाच्या पळवाटाही, म्हणजे निकाल दुसऱ्याच कारणाने आला असेल अशा शंका, बंद झाल्या.

यातून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही. तुम्ही तिकडे काहीही मोजा, माझ्याकडचे आकडे एकटे पाहिले तर तसेच दिसतात. खरा वाद पुढे आहे: गृहीतकांपैकी सोडायचं कोणतं? डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाच्या मांडणीत स्थानिकता, म्हणजे इकडच्या मोजणीचा तिकडे परिणाम होत नाही हे गृहीतक, सोडतात. प्रत्येक शक्य उत्तर वेगळ्या विश्वात येतं असं मानणारे अनेकविश्ववाले म्हणतात, मोजणीचं एकच उत्तर येतं हेच चूक. मला अजून दोन्ही बाजू पूर्ण पटलेल्या नाहीत, म्हणून तर या विषयात आहे.

नोकरीची काळजी रास्त आहे. १९७५ मध्ये तरुण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आलँ आस्पे प्रयोगाची कल्पना घेऊन बेल यांना भेटले, तेव्हा बेल यांनी आधी विचारलं, कायमची नोकरी आहे ना? आस्पे यांना ती होती. २०२२ चं नोबेल त्यांना क्लाउझर आणि त्सायलिंगर यांच्यासोबत मिळालं. आज परिस्थिती बरीच बरी आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, प्रयागराजच्या हरिश्चंद्र संस्थेत क्वांटम माहितीवर गट आहेत. तरी मी सांगेन, क्वांटमचा अर्थ काय या प्रश्नासोबत एक हातचं कौशल्य घ्या: एकेका फोटॉनची मोजणी किंवा क्वांटम क्रिप्टोग्राफीचं गणित. गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, ते आता कुठे आहेत हे आधी विचारा.